बाबांच्या इम्युनोथेरपीसाठी वावर विकावं का?

तुमचा प्रश्न सावकाश वाचला. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात आर्णीकडचे. बाबा छप्पन वर्षांचे, पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, तरुणपणापासूनचा. दोन वर्षांपूर्वी डाव्या गालाच्या आतून कॅन्सर निघाला. नागपुरात ऑपरेशन झालं, मग रेडिएशन आणि सोबत सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध. दिवाळीनंतर मानेत गाठ परत आली आणि स्कॅनमध्ये फुप्फुसात ठिपके दिसले. आता ऑपरेशन होणार नाही असं सांगून डॉक्टरांनी इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी इंजेक्शनं, सुचवली, आणि खर्च महिन्याला लाखांच्या घरात आहे. काका म्हणतात, प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून आजार उलटला, गुळवेलीचा काढा द्या, तेच काम होईल. आणि तुम्ही विचारता की सडकेलगतचं दोन एकर वावर विकून इंजेक्शनं सुरू करावीत का.

मी नागपुरात कॅन्सरची औषधोपचाराची बाजू बघतो. माझ्या ओपीडीत अर्ध्याहून अधिक माणसं यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, वाशीम इकडून येतात, आणि तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण त्यांत इतके असतात की खर्रा कधीपासून, एवढंच विचारावं लागतं. खाता का, असं विचारायची वेळ क्वचितच येते. तुमच्या बाबांची फाइल मी पाहिलेली नाही, त्यामुळे पुढे बऱ्याच ठिकाणी "यावर अवलंबून आहे" असं म्हणावं लागेल. पण मत आधीच सांगून टाकतो. पूर्ण मात्रेच्या इम्युनोथेरपीसाठी आज वावर विकू नका. औषध खोटं आहे म्हणून नव्हे. त्याच्या आधी विचारायच्या दोन-तीन गोष्टी अजून कोणी विचारलेल्याच नाहीत, म्हणून.

काकांचं म्हणणं आधी घेऊ, कारण ते सगळंच चुकीचं नाही. प्रतिकारशक्तीचा आणि कॅन्सरचा संबंध आहे, आणि तो चांगलाच जवळचा आहे. किडनी बदललेल्या लोकांना ती टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात, आणि त्यांच्यात काही जातींचे कॅन्सर इतरांपेक्षा जास्त दिसतात. २००३ साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी एक प्रकरण छापलं होतं. एका व्यक्तीचा मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर, काढून सोळा वर्षं झाली होती. सगळे तिला बरी झालेलीच समजत होते. मृत्यूनंतर तिच्या दोन्ही किडन्या दोन रुग्णांना बसवल्या, आणि त्या दोघांनाही मेलॅनोमा झाला, तोही दात्याकडून आलेला. सोळा वर्षं त्या पेशी मेल्या नव्हत्या. त्या व्यक्तीच्या प्रतिकारशक्तीने त्यांना फक्त दाबून धरलं होतं, आणि नव्या शरीरात गोळ्यांमुळे तो दाब सुटला.

म्हणून "कॅन्सर झाला म्हणजे शरीर गाफील राहिलं" असं समजू नका. शरीराने त्याआधी कितीतरी बिघडलेल्या पेशी मारलेल्या असतात. काही मरत नाहीत, पण वाढूही शकत नाहीत. हा ओढाताणीचा काळ वर्षानुवर्षं चालू शकतो. त्यातून एखादी पेशी अशी निघते जिला निसटायची युक्ती सापडलेली असते, आणि गाठ तिच्यापासून होते. बाबांच्या ऑपरेशननंतरचा बायोप्सीचा रिपोर्ट काढून बघा. त्यात बहुतेक एखादी ओळ लिम्फोसाइटबद्दल असेल, गाठीभोवती त्या किती जमल्या होत्या याची. लिम्फोसाइट म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या तिथे आल्या असतील तर शरीराने गाठ ओळखली होती. मग मारली का नाही?

वावरातल्या राखणीच्या कुत्र्याचं घ्या. अनोळखी माणूस दिसला की ते धावून जातं, पण मालकाने "बैस" म्हटलं की बसतं. तसं बसलं नाही तर ते घरच्यांनाच फाडून खाईल. त्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशींवरही असा "बैस" ऐकणारा कान असतो, त्याचं नाव पीडी-१. शरीरातल्या चांगल्या पेशी पीडी-एल-१ नावाचं प्रथिन दाखवून टी-पेशींना बसवतात. कॅन्सरच्या पेशीने हीच हाक उचललेली असते. चोर मालकाच्या आवाजात "बैस" म्हणतो आणि कुत्रं धडधाकट असूनही बसून राहतं. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं त्या कानात बोळा घालतात. पीडी-१ चा शोध क्योटोच्या तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली लागला. जेम्स ॲलिसन यांनी अशाच दुसऱ्या एका कानावर, सीटीएलए-४ वर, काम केलं. २०१८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

आता काकांच्या काढ्याचं उत्तर तुमचं तुम्हालाच सापडेल. बसवलेल्या कुत्र्याला दोन भाकरी जास्त घातल्या म्हणून ते उठत नाही. बाबांची अडचण ताकदीची नाही, हाकेची आहे. "इम्युनिटी बूस्टर" म्हणून जे काही विकलं जातं, मग ते काढा असो, पावडर असो की थेंब, ते या जागी पोचतच नाही.

पण ही गोष्ट ऐकली की सगळ्यांना वाटतं, बोळा घातला म्हणजे काम झालं. तसं होत नाही, आणि वावर विकायचा निर्णय इथेच अडतो. कित्येक गाठींत टी-पेशी आत शिरतच नाहीत, कडेलाच थांबतात. काही कॅन्सर पेशी स्वतःची ओळख पटवणारी खूणच पृष्ठभागावरून काढून टाकतात, मग टी-पेशी जाग्या असूनही त्यांना धरायला काही उरत नाही. काही ठिकाणी टी-पेशी महिनोन् महिने लढून इतक्या थकलेल्या असतात की अडवणूक दूर केली तरी उठत नाहीत. यातलं बाबांच्या गाठीत काय चाललंय हे आधी खात्रीने सांगणारी तपासणी आज तरी नाही. अंदाज देणारी आहे, तिच्याकडे येतोच.

आकडे बघू. प्लॅटिनमवर्गातलं औषध, म्हणजे सिस्प्लॅटिनसारखं, घेतल्यावर सहा महिन्यांच्या आत उलटलेल्या डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅबची मोठी चाचणी २०१६ साली आली. एक वर्षानंतर निवोलुमॅबवाले शंभरातले ३६ हयात होते, जुन्या औषधांवरचे साधारण १७. दोन वर्षांनी तेच आकडे १७ आणि ६. गाठ ठळकपणे लहान झाली असे रुग्ण मात्र शंभरात फक्त १३. या तिन्ही गोष्टी एकत्र वाचा. फायदा खरा आहे. ज्यांना लागू पडतं त्यांच्यातल्या काहींना तो टिकाऊ मिळतो, किमोत सहसा न दिसणारा. आणि बहुतेकांना तो मिळत नाही. डॉक्टर "नवीन, प्रभावी औषध" म्हणतात तेव्हा घरच्यांच्या डोळ्यांसमोर ते १३ जण असतात. उरलेले ८७ कोणी सांगत नाही.

बाबांचा आजार रेडिएशन संपून सहा महिन्यांच्या आत उलटला की नंतर, हे फाइल बघून पक्कं करा. तुमच्या लिहिण्यावरून तो बराच नंतर उलटलेला दिसतो. तसं असेल तर वरचे आकडे जसेच्या तसे त्यांना लागू नाहीत, त्यांची परिस्थिती थोडी बरी धरतात. अशा रुग्णांसाठी पेम्ब्रोलिझुमॅबची २०१९ ची चाचणी आहे, आणि त्यात एक तपासणी महत्त्वाची ठरली: गाठीत पीडी-एल-१ किती आहे. त्याला सीपीएस गुण म्हणतात. गुण २० किंवा अधिक असलेल्यांत नुसत्या पेम्ब्रोलिझुमॅबवर मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) सुमारे १५ महिने, तर सेटुक्सिमॅब हे दुसरं इंजेक्शन आणि किमो यांवर ११ च्या आसपास. गुण एकाच्याही खाली असेल तर नुसत्या या औषधाचा आग्रह मी धरत नाही.

तुमच्या प्रश्नात सीपीएसचा उल्लेख कुठेच नाही. म्हणून पहिलं काम हे. ऑपरेशन जिथे झालं तिथल्या पॅथॉलॉजी विभागात बाबांच्या गाठीचा मेणाचा ब्लॉक ठेवलेला असतो. प्लॅस्टिकच्या छोट्या चौकोनी जाळीत मेण, मेणात गाठीचा तुकडा, आणि कडेवर बायोप्सीचा नंबर. तो नंबर तुमच्या रिपोर्टवर वरच्या कोपऱ्यात छापलेला आहे. अर्ज देऊन ब्लॉक मागता येतो. बऱ्याच घरांना हे माहीत नसतं, आणि मग पुन्हा सुई, पुन्हा नागपूरची चक्कर. ब्लॉक फार जुना नसेल तर त्यावरच तपासणी होते. नेताना मात्र उन्हात गाडीच्या डिकीत टाकू नका, मेण आहे.

आता ज्यासाठी मी हे लांबलचक उत्तर लिहायला घेतलं ते. निवोलुमॅबची नेहमीची मात्रा २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी वेगळा विचार केला. सुरुवातीच्या चाचण्यांत दिसलं होतं की अगदी थोड्या मात्रेतही टी-पेशींवरचे बहुतेक पीडी-१ झाकले जातात. मात्रा वाढवली म्हणून ते त्याहून फारसे जास्त झाकले जात नाहीत. मग त्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, तेही तीन आठवड्यांतून एकदा, देऊन पाहिलं. सहा आठवड्यांचा हिशेब केला तर ७२० च्या जागी ४० मिलिग्रॅम, म्हणजे अठरावा हिस्सा. सोबत तीन गोळ्या: मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब. १५१ रुग्णांत ही तुलना झाली. नुसत्या गोळ्यांवर एक वर्षानंतर शंभरातले १६ हयात होते. गोळ्यांबरोबर ते छोटं इंजेक्शन घेणारे ४३. मध्यम आयुर्मान ६.७ महिन्यांवरून १०.१ वर गेलं. गंभीर त्रास होणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखंच राहिलं.

यातली मर्यादाही सांगायला हवी. त्या चाचणीत कमी मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी केलेली नव्हती, त्यामुळे "२० म्हणजे २४० च्या बरोबरीचं" असं मी म्हणणार नाही. एवढं म्हणेन की पूर्ण मात्रा परवडत नाही म्हणून काहीच न घेणं आणि वावर विकून पूर्ण मात्रा घेणं, या दोन टोकांच्या मध्ये पुरावा असलेली एक वाट आहे, ती आपल्याच राज्यात, आपल्यासारख्याच, म्हणजे बहुतांश तंबाखूवाल्या, रुग्णांत तपासलेली आहे. माझ्या ओपीडीत पूर्ण मात्रा न झेपणाऱ्या घरांना मी आधी हीच सांगतो. तुमच्या डॉक्टरांना थेट विचारा: "२० मिलिग्रॅमची पद्धत बाबांना चालेल का?" विचारण्यात कमीपणा नाही, आणि त्यांनाही राग यायचं कारण नाही.

व्यवहारातली एक गोम. निवोलुमॅबची सर्वांत छोटी बाटली ४० मिलिग्रॅमची असते. बाबांना लागणार २०. बाटली उघडली की उरलेलं औषध पुढच्या तीन आठवड्यांसाठी ठेवता येत नाही. म्हणून असे दोन रुग्ण एकाच दिवशी बोलवून एक बाटली दोघांत वापरली जाते, आणि खर्च निम्मा होतो. हे जिथे अशा रुग्णांची संख्या बरी आहे तिथेच जमतं. म्हणून दवाखाना निवडताना "तुमच्याकडे कमी मात्रेवर आणखी कोणी आहे का, कोणत्या वारी बोलावता?" हे आधी फोनवर विचारा. दिवस चुकवला तर पूर्ण बाटली एकट्याच्या माथी येते.

आणि मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. घरात बाकीच्या दोन गोळ्या रोजच्या असतात, त्यामुळे हीही रोज दिली जाते, आणि मग तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी कोसळतात, जीवावर बेततं. आमच्या वॉर्डात असे रुग्ण येतात आणि प्रत्येक वेळी कारण तेच असतं: चिठ्ठी इंग्रजीत, दुकानदार घाईत. मी घरच्यांना सांगतो, गावचा आठवडी बाजार ज्या दिवशी असतो तोच मेथोट्रेक्सेटचा दिवस. बाजार चुकत नाही आणि कोणी तो रोज भरवतही नाही. त्या पाकिटावर मोठ्या अक्षरात "बाजाराच्या दिवशी" लिहून ते पाकीट वेगळ्या डब्यात ठेवा. दुकानातून अंगदुखीची गोळी परस्पर आणून देऊ नका. किडनीवर ताण आला की मेथोट्रेक्सेट अंगात साचतं.

बाबांची तब्येत इंजेक्शनाइतकंही न झेपण्याएवढी खालावलेली असेल, किंवा कमी मात्राही परवडणार नसेल, तर नुसत्या गोळ्यांनाही कमी लेखू नका. मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या दोनच गोळ्यांची तुलना त्याच टाटामधल्या डॉक्टरांनी सलाईनमधून दिलेल्या सिस्प्लॅटिनशी केली होती. २०२० साली निकाल आला. गोळ्यांवर मध्यम आयुर्मान साडेसात महिने, सिस्प्लॅटिनवर सहाच्या आसपास. त्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च गरीब घरालाही पेलेल असा असतो.

आता अंतराचा प्रश्न, ज्याच्याबद्दल शहरातले डॉक्टर सहसा बोलत नाहीत. इम्युनोथेरपीचे दुष्परिणाम किमोसारखे नसतात. केस जात नाहीत, इंजेक्शनच्या रात्री उलट्या होत नाहीत. बाबा घरी येतील, जेवतील, वावरात चक्कर मारतील, आणि सगळ्यांना वाटेल की काहीच त्रास नाही. कुत्रं मोकळं सुटलंय हे लक्षात असू द्या. ते घरच्या कुणाला चावलं तर लगेच चावेल असं नाही. दोन महिन्यांनी, चार महिन्यांनी, कधी औषध बंद केल्यावरही. आतड्याला चावलं तर जुलाब, फुप्फुसाला चावलं तर धाप आणि कोरडा खोकला, यकृताला चावलं तर कावीळ. थायरॉइड मंदावणं तर वरचेवर दिसतं, पण ते गोळीने सांभाळता येतं.

अडचण अशी की गावातल्या डॉक्टरकडे हे रुग्ण जातात तेव्हा त्यांना ते दुसरंच काही वाटतं, आणि त्यांचा दोष नाही. पावसाळ्यात दिवसाला सहा-सात जुलाब झाले तर कोणीही मेट्रोनिडाझोल आणि सलाईनच देईल. पण आतड्याची ही सूज अँटिबायोटिकने जात नाही, तिला स्टेरॉइड लागतं, तेही वेळेवर. इथे भर म्हणजे एर्लोटिनिबनेही जुलाब होतात, म्हणून कशाने होताहेत हे घरी ठरवू नका, फोन करा. मे महिन्यात पारा ४५ वर असताना माणूस एकदम गळून गेला, चक्कर येते, बीपी खाली, तर सगळं गाव म्हणतं ऊन लागलं. कांदा, पन्हं, दोन बाटल्या सलाईन. ते ऊनही असेल. पण इम्युनोथेरपीने ॲड्रिनल किंवा पिच्युटरी ग्रंथी बंद पडली असेल तर हीच लक्षणं दिसतात, रक्तातलं सोडियम उतरतं, आणि हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड मिळालं नाही तर माणूस दगावतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात मला या गोष्टीची सर्वांत जास्त धास्ती असते.

यासाठी माझे रुग्ण एक कार्ड जवळ ठेवतात, आधारकार्डाच्या प्लॅस्टिकमध्येच. तुम्हीही साध्या कागदावर मराठीत लिहून घ्या: "या रुग्णाला निवोलुमॅब चालू आहे. दिवसाला चारपेक्षा जास्त जुलाब, नवीन धाप, कावीळ, छातीत दुखणं किंवा एकदम गळून जाणं, यांपैकी काहीही असल्यास उपचाराआधी या नंबरवर बोला." खाली दवाखान्याचा नंबर, शेवटच्या इंजेक्शनची तारीख. गावच्या डॉक्टरला ते आधीच जाऊन दाखवा, आजारी पडल्यावर नव्हे. आणि रात्री-अपरात्री यवतमाळपर्यंत नेणारी गाडी कोणाची, हे आजच ठरवून ठेवा. हे ज्या घरात जमणार नाही, तिथे मी हे औषध सुरू करायला कचरतो, पैसे असले तरी.

सुरू करण्याआधी दोन गोष्टींचा छडा लावा. एक टीबी. फुप्फुसातले ठिपके कॅन्सरचेच आहेत हे पक्कं झालंय का? आपल्याकडे टीबी इतका आहे की हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावाच लागतो. या औषधाने दबलेला टीबी उसळल्याची उदाहरणं आहेत, आणि दुष्परिणामांसाठी स्टेरॉइड द्यावं लागलं तर तो आणखी पसरतो. थुंकी तपासणं सोपं आहे, सरकारी दवाखान्यात फुकट होतं. दुसरी गोष्ट, पुड्या. गुडघेदुखीच्या, दम्याच्या, "ताकदीच्या" पांढऱ्या पुड्या बाबा कुठून आणतात का? त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. इम्युनोथेरपी सुरू करतानाच स्टेरॉइड चालू असेल तर निकाल कमजोर येतात असं पुष्कळ ठिकाणी दिसलंय. पुडी लपवू नका. एकदम बंदही करू नका, डॉक्टरांसमोर ठेवा.

गुळवेलीचंही इथेच सांगतो. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. पण २०२१ साली मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांची नोंद छापली, ज्यांच्या यकृताला सूज आली होती, आणि ती सूज प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्यासारखी होती. आता विचार करा, बाबांना निवोलुमॅबही चालू आहे, मेथोट्रेक्सेटही, आणि काढाही. उद्या कावीळ झाली तर दोष कोणाचा, थांबवायचं काय, कळणार कसं? काकांना दुखवू नका. "औषध चालू आहे तोवर काढा नको असं डॉक्टर म्हणाले" असं माझ्या नावावर सांगून टाका.

इथवरचं एकत्र करतो. आजार रेडिएशननंतर किती महिन्यांनी उलटला ते बघा. ब्लॉक काढून सीपीएस करा. टीबी नाही याची खात्री करा. मग २० मिलिग्रॅमच्या पद्धतीबद्दल विचारा. हे झाल्याशिवाय वावराचा सौदा करू नका, आणि इसारही घेऊ नका.

यात एक गोष्ट सगळ्यांच्या वर आहे: बाबांची आजची ताकद. चाचण्यांमधले रुग्ण बहुतेक चालते-फिरते होते. बाबा स्वतःच्या पायाने वावरापर्यंत जाऊन येतात की दिवसातला बराच वेळ खाटेवर असतात? वजन किती उतरलं? तोंड किती उघडतं, घास जातो की नुसतं पातळच? खाटेला खिळलेल्या माणसाला महागडं इंजेक्शन देऊन फारसं काही हाती लागत नाही. आधी नाकातून नळी घालून पोट भरणं, दुखण्यासाठी मॉर्फिनची गोळी, जखमेची सफाई. मॉर्फिन म्हटलं की घरचे घाबरतात. दुखण्याने रात्रभर बसून काढणाऱ्या माणसाला ते नीट मात्रेत दिलं तर तो झोपतो आणि सकाळी दोन घास खातो. सवय लागण्याच्या भीतीने ते अडवू नका. नागपूरच्या कॅन्सर रुग्णालयांत त्याची सोय आहे, सेवाग्रामच्या रुग्णालयातही विचारा.

पैशांचं आटोपतं घेतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. कॅन्सरचं ऑपरेशन, रेडिएशन, किमो त्यात होतात. इम्युनोथेरपीचं कोणतं इंजेक्शन बसतं, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारून लेखी घ्या. "होऊन जाईल" या शब्दावर सुरू करू नका. औषध कंपन्यांच्या मदत योजना असतात, काही इंजेक्शनांनंतर पुढची मोफत अशा, त्यांची चौकशी डॉक्टरांमार्फत करा. आणि सीएआर-टी नावाच्या पेशींच्या उपचाराबद्दल कोणी सांगितलं, तर त्याचा भारतात तयार झालेला पहिला प्रकार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून काढला, तो २०२३ मध्ये मंजूर झाला, आणि काही रक्ताच्या कॅन्सरसाठी आहे. तोंडाच्या कॅन्सरला तो आज लागू नाही. त्यासाठी मुंबईचं भाडं खर्चू नका.

तुम्ही सगळं लिहिलंत, पण बाबांना काय हवंय हे लिहिलं नाही. त्यांना आजार उलटल्याचं सांगितलंय का? आमच्याकडे बहुधा मुलगा आणि काका केबिनमध्ये येतात आणि बाबा बाहेर बाकावर. "त्यांना काही सांगू नका जी, खचतील." मी शक्यतो त्यांना आत बोलावतो. एकदा असेच एक काका सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "वावर इकून मले वर्षभर ठेवान, मंग पोराईले काय ठेवान?" त्यांच्या घरात तोवर विक्रीचं सगळं ठरलेलं होतं. प्रत्येक जण असंच म्हणेल असं नाही. काही जण म्हणतात, विका, मला पोरीचं लग्न बघायचंय. तेही बरोबर. पण सातबारा त्यांच्या नावावर आहे आणि गाठही त्यांच्याच मानेत आहे.

समजा कमी मात्रेवर सुरू केलंत. मग पहिला स्कॅन साधारण तीन महिन्यांनी. त्याआधी गाठ थोडी फुगल्यासारखी वाटली तरी घाबरून बंद करू नका. क्वचित आत शिरलेल्या पेशींमुळेही ती फुगते. पण गाठ मोठी होतेय आणि बाबाही खंगताहेत, तर ते औषध लागू पडत नाहीये. तेव्हा "आणखी दोन देऊन बघू" असं म्हणत पैसे ओतू नका, थांबा, आणि गोळ्या व दुखण्याच्या उपचारावर या. स्कॅनमध्ये गाठ आहे तेवढीच असेल आणि बाबा जेवत-फिरत असतील, तर ते यशच धरा आणि चालू ठेवा.

ओपीडीत जाताना ऑपरेशनचा बायोप्सी रिपोर्ट, रेडिएशनचा समारोपाचा कागद (त्यावर शेवटची तारीख असते), जुना आणि नवा दोन्ही स्कॅनच्या सीडी, आणि चालू असलेली प्रत्येक गोळी-पुडी-काढा एका पिशवीत घेऊन जा. सीपीएसचा आकडा आला की इथेच कळवा, त्यावरून मात्रेबद्दल आणखी नेमकं बोलता येईल.